घर असलेल्यांची दुसरी घरं

अनाथाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येतं. आईबाप नसलेली मुलं, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त आलेलं गोडाधोडाचं जेवण. नंदुरबार जिल्ह्यातल्या निवासी संस्था समजून घ्यायच्या तर हे चित्र आधी बाजूला ठेवावं लागतं. इथे हजारो मुलं वर्षातले नऊ-दहा महिने संस्थेच्या छपराखाली काढतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील हयात असतात. डोंगरात त्यांचं कुडाचं घर असतं, दोन-चार बकऱ्या असतात, आजी असते, उतारावरची थोडीफार शेतीही असते. तरीही वयाच्या सहाव्या वर्षी पोर पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत दाखल होतं. पाड्यावर शाळा नसते, असली तर चौथीपर्यंत. आणि दिवाळी सरली की आईबाप ऊसतोडीला किंवा बांधकामाच्या मजुरीला गुजरातेत निघून जातात.

स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या माणसांच्या निवासी संस्थांबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत लिहिलं जातं. एक सूर संस्थाचालकांच्या त्यागाचं कौतुक करतो, दुसरा एखाद्या मुलाच्या मृत्यूची बातमी आली की संतापतो. दोन्ही सूर आपापल्या जागी रास्त आहेत, पण त्यांत एक साधा प्रश्न राहून जातो. हे माणूस इथे राहायला का आलं आणि परत कधी, कुठे जाणार? या प्रस्तावनेत मी हाच प्रश्न धरून चालणार आहे, कारण नंदुरबारमध्ये त्याचं उत्तर शोधायला गेलं की निवासी संस्थांची सगळी व्यवस्था उलगडत जाते.

आधी भूगोल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे: भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. खाली तापीकाठची काळी जमीन, केळी, पपई, ऊस आणि नंदुरबारच्या बाजारातली मिरची. वर सातपुडा, म्हणजे धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा तालुका, आणि त्याच्याही पलीकडे नर्मदा. डोंगरातलं गाव एका जागी वसलेलं नसतं. एका गावाचे आठ-दहा पाडे, प्रत्येक पाडा वेगळ्या टेकडीवर, घरांमध्ये शेताचं अंतर. पावसाळ्यात नाला आडवा आला की शेजारचा पाडाही परमुलूख होतो. ब्रिटिशांनी १९३५च्या कायद्यानंतर अक्राणी महाल, नवापूर पेठा आणि मेहवासी संस्थानिकांची गावं ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ म्हणून वेगळी काढली होती. सरकारी नकाशावरून तो शिक्का गेला, पण शाळा, दवाखाना आणि एसटीच्या बाबतीत हा भाग वगळलेला राहण्याची सवय पुढे बरीच वर्षं टिकली. अशा मुलखात शाळा मुलापर्यंत नेणं अवघड, म्हणून मूल शाळेपर्यंत आणायचं ठरलं. निवासी संस्थेचा जन्म इथे अंतरातून झाला आहे.

मराठी मुलखात संस्थेच्या या कल्पनेचे दोन प्रवाह आहेत. एक आश्रयाचा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंचं १८८९चं शारदा सदन ही त्याची ठळक उदाहरणं. समाजाने ज्यांना दार लावलं त्यांच्यासाठी उघडलेलं दार, असं त्यांचं रूप होतं. दुसरा प्रवाह शिक्षणाचा. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली, भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढलं. तिथे येणाऱ्या मुलाला घर होतं. शिकायची सोय नव्हती. आदिवासी भागात हे दोन प्रवाह एकत्र झाले. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भील सेवा मंडळ स्थापन केलं आणि आश्रमात राहून शिकण्याची पद्धत भिल्लांच्या मुलखात रुजवली. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३पासून आश्रमशाळांची योजना क्षेत्रविकासाच्या दृष्टीने हाती घेतली: दुर्गम डोंगराळ भागात तीन ते पाच हजार लोकवस्तीमागे एक, इतर आदिवासी भागात पाच ते सात हजारांमागे एक. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांचा कारभार नंदुरबार आणि तळोदा इथली दोन प्रकल्प कार्यालयं पाहतात, आणि त्यांच्या वर नाशिकचं आदिवासी विकास आयुक्तालय. कागदावर ही शाळा आहे. पहिलीतल्या मुलाच्या दृष्टीने मात्र ते राहतं घर आहे, आणि घर चालवण्याचा विचार शाळेच्या विचारामागे पडला, ही या व्यवस्थेची मूळ अडचण.

ती अडचण पाहायची तर एखाद्या आश्रमशाळेत संध्याकाळी पाचनंतर जाऊन बसावं. जिथे इमारत अपुरी आहे तिथे शाळा सुटली की वर्गच झोपायची खोली होतो. बाकं भिंतीला लागतात, फरशीवर चादरी पडतात. भिंतीकडेने पेट्यांची रांग. प्रत्येक पेटीवर ऑइलपेंटने नाव आणि इयत्ता, कुलपाची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. पेटीत साबणाची वडी, खोबरेल तेलाची बाटली, फणी, आरसा, एखादा नवा शर्ट आणि घरून आलेल्या भुईमुगाच्या शेंगा. या इमारतीत मुलाचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच. शंभर-दोनशे मुलांमागे एक अधीक्षक, मुलींसाठी एक अधीक्षिका, शिवाय स्वयंपाकी आणि कामाठी. पहिलीतल्या मुलीचे केस विंचरायला, तिला रात्री उठवून बाहेर न्यायला, ताप आल्यावर कपाळाला हात लावायला यांच्यातलं कुणी पुरत नाही. ते काम करते आठवीतली तिची मोठी बहीण किंवा मामेबहीण. जिचं कुणी मोठं त्या शाळेत असतं ती मुलगी रुळते. ज्याचं कुणीच नसतं ते पोर पहिल्या पंधरवड्यात कुंपण ओलांडून डोंगराची वाट धरतं. शिक्षक त्याला ‘पळपुट्या’ म्हणतात. खरं तर सहा वर्षांचं ते पोर घरचा रस्ता लक्षात ठेवून निघालेलं असतं.

मार्चमध्ये या शाळांचा पट आणखी एका कारणाने ओसरतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावची राजवाडी होळी पेटते, ढोल घुमू लागतात. मुलं घरी जातात आणि लवकर परतत नाहीत. शिक्षकांची तक्रार खरी आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर असते. पण ऊसतोडीला गेलेले आईबाप मुलखात परततात तेही याच सुमारास. वर्षभरात कुटुंब एका चुलीपाशी बसण्याचे जे मोजके दिवस, त्यांतले हे महत्त्वाचे. शाळेचं वेळापत्रक गणपती आणि दिवाळीच्या हिशेबाने आखलेलं असतं. सातपुड्याचं वर्ष होळीभोवती फिरतं. निवासी संस्था मुलाला घरापासून तोडते ती कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. बहुधा अशा कुणी न विचारलेल्या वेळापत्रकामुळे तोडते.

भाषेचंही तसंच. घरी पावरी, मावची किंवा भिलोरी बोलणारं मूल शाळेत मराठीत रडायला शिकतं, कारण दुसऱ्या भाषेत रडलं तर कळणारं कुणी नसतं. या बाबतीत जिल्ह्याने स्वतःचा एक धडा घालून दिला आहे. सरदार सरोवराच्या बुडिताखाली येणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्यातल्या ३३ गावांमध्ये सरकारी शाळा अनेकदा फक्त कागदावर होत्या. तेव्हा नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा सुरू केल्या. त्याही निवासीच. पण गुरुजी त्याच मुलखातले, पहिले धडे मुलांच्या बोलीत, अभ्यासात झाडपाला, नदी, गावच्या कहाण्या, आणि धान्याचा वाटा गावकऱ्यांचा. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. धरणाचं पाणी चढत गेलं तशा काही शाळा जागा बदलत वर सरकल्या. जीवनशाळांच्या इमारती पाहून कुणी भारावणार नाही, त्यांच्या तुटवड्याची यादी लांबलचक आहे. तरी संस्था गावाच्या मालकीची असली तर मूल संस्थेत राहूनही गावातच राहतं, हे त्यांनी दाखवलं.

आता कायद्याकडे वळू. नंदुरबारमध्ये घराबाहेर राहणारं मूल कोणत्या खात्याच्या कपाटात पडेल यावर त्याचे हक्क ठरतात. आई-वडिलांनी टाकलेलं, हरवलेलं किंवा छळातून सोडवलेलं मूल महिला व बालविकास विभागाकडे येतं. त्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, त्याच्या घराची चौकशी होते, त्याच्यासाठी वैयक्तिक काळजी आराखडा तयार होतो. बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे. विनानोंदणी गृह चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे तत्त्व याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे. तमिळनाडूतल्या अनाथालयांमधल्या शोषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी दिलेल्या निकालानेही नोंदणी आणि वैयक्तिक आराखड्यावरच भर दिला. पण हा कायदा आश्रमशाळेच्या दारापाशी थांबतो. वसतिगृह त्याच्या व्याख्येत नाही. त्यामुळे बालगृहातल्या मुलाची फाइल असते, आश्रमशाळेतल्या मुलाचं फक्त हजेरीपटावर नाव असतं. दोघंही सहा वर्षांची, दोघंही घरापासून लांब. एकाचं आयुष्य अधूनमधून कुणीतरी उघडून वाचतं, दुसऱ्याची फक्त हजेरी लागते. दिव्यांग मुलांच्या निवासी शाळा तिसऱ्याच खात्याकडे, वृद्धाश्रम सामाजिक न्याय विभागाकडे. या कपाटांना जोडणारी खिडकी क्वचितच उघडते.

फाइल नसण्याची किंमत आजारपणात कळते. सातपुड्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. अशा मुलाला थंडी, थकवा किंवा पाण्याची कमतरता यामुळे असह्य कळा सुरू होऊ शकतात. त्याला सिकलसेल आहे हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असेल तर वेळ वाचतो, नसेल तर ‘पोट दुखतंय’ म्हणून गोळी देऊन झोपवलं जातं. आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१६ साली अहवाल दिला. अनेक मृत्यूंच्या कारणांची धड नोंदच नव्हती, ही त्यातली अस्वस्थ करणारी बाब. मूल का गेलं हे लिहिलेलं नसेल तर पुढचं मूल वाचवायचं कसं? संस्थेतला अत्याचारही असाच नोंदीअभावी वाढतो. २०१० साली ठाणे जिल्ह्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या गृहातले मृत्यू उजेडात आले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अनुदान वेळेवर उचलणाऱ्या संस्थेतही मुलं उपाशी राहू शकतात हे राज्याला कळलं. २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतल्या लैंगिक अत्याचाराने राज्य हादरलं. दोन्ही ठिकाणी तपासणीची यंत्रणा कागदावर होती. बाहेरचं माणूस सहज आत येऊ शकत नव्हतं आणि आतल्या मुलाचं बोलणं सहज बाहेर जात नव्हतं.

मुलं मोठी झाली की बोलतात, हेही याच जगातलं वास्तव आहे. २०१८ साली शासनाने आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. हाती पैसा येतो, मग तक्रार कसली, असं वरून वाटू शकतं. पण पैसे उशिरा आले तर महिनाभर जेवायचं काय, शहरात एकट्या मुलीने रोज खानावळ शोधत कुठे फिरायचं, हे प्रश्न घेऊन विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले. संस्थेत राहणाऱ्यांनी संस्थेच्या कारभाराबद्दल रस्त्यावर मत मांडलं, याचं मोल मी मोठं मानतो. गृहपालाला जाब विचारणारी ही पिढी आश्रमशाळांतूनच आली. या डोंगरातले पहिले पदवीधर, शिक्षक, परिचारिका, सरकारी नोकर यांतले कितीतरी जण याच पेट्या घेऊन बाहेर पडले. आश्रमशाळा बंद करा म्हणणं म्हणूनच सोपं आणि खोटं आहे.

प्रौढांकडे वळलं की या जिल्ह्यातलं दुसरं टोक दिसतं. मुलांसाठी संस्था भरपूर. मोठ्यांसाठी जवळपास पोकळी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद मांडतो. पण तो कायदा मुलांनी टाकलेल्या म्हाताऱ्यांना नजरेसमोर ठेवून लिहिला आहे. सातपुड्यातल्या म्हातारीला कुणी टाकलेलं नसतं. मुलगा-सून मजुरीला गेलेली, नातवंडं आश्रमशाळेत, आणि पाड्यावर ती, एक शेळी आणि रेशनचं धान्य. तिला शहरातला पलंग नको असतो. पाच महिने रोज कुणी विचारणारं हवं असतं. मनोरुग्णांची स्थिती याहून बिकट. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला; खानदेशात एकही नाही. धडगावच्या माणसाला येरवड्याला पोचवायचं म्हणजे चारशे किलोमीटरहून जास्त अंतर आणि दोन जणांची बुडालेली मजुरी. त्यामुळे आधी भगत, मग दोरखंड, मग जमलं तर दवाखाना. आणि डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेली बाई. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तिचा छळ करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते, पण त्या रात्री ती बाई कुठे झोपेल याचं उत्तर कायद्यात नाही. बौद्धिक अक्षम मुलाचंही तसंच: अठरा वर्षं पूर्ण झाली की निवासी शाळा संपते, आणि थकलेल्या आईबापांच्या हाती ताकदवान झालेला पण परावलंबी तरुण परत येतो. वयाच्या दाखल्याने माणसाची गरज संपत नाही.

जगानेही या वाटेवर ठेचा खाल्ल्या आहेत. रुमानियात १९८९च्या सत्तांतरानंतर सरकारी अनाथालयांची अवस्था जगापुढे आली. पुढे २०००पासून बुखारेस्टमध्ये झालेल्या दीर्घ अभ्यासात संस्थेतून लहान वयात कुटुंबांकडे सोपवलेली मुलं बुद्धीने आणि नात्यांनी अधिक सावरलेली दिसली. कॅनडात आदिवासी मुलांना निवासी शाळांत सक्तीने घालून त्यांची भाषा पुसली गेली. तिथल्या सत्य आयोगाने २०१५ साली त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. आपल्याकडे सक्ती नाही, पालक आपण होऊन मूल आणून सोडतात, हा फरक मोठा आहे. पण पर्याय नसताना घेतलेल्या निर्णयाला राजीखुशी म्हणताना जरा अडखळावं.

पर्याय अगदीच नाहीत असं नाही. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहांची योजना आहे: मूल आपल्याच गावात आजीकडे राहतं, शाळेत शिकतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. बालसंगोपन योजनेत एकल पालकाला किंवा नातेवाइकाला मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात; एके काळी हीच रक्कम ४२५ होती. घरात ठेवून मदत करणं शक्य आहे, हे शासनाने स्वतःच मान्य केल्याचा हा पुरावा. आश्रमशाळेतल्या प्रत्येक मुलाची आरोग्याची आणि घरची फाइल, पहिली-दुसरीच्या मुलांजवळ त्यांची बोली बोलणारी एक बाई, होळीची पुरेशी सुट्टी आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांशी आठवड्यातून एकदा फोनवर बोलणं, एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. प्रकल्प कार्यालयाने मनावर घेतलं तर येत्या जूनपासून हे सुरू होऊ शकतं.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने, कार्यकर्त्याने किंवा अधिकाऱ्याने संस्थेत गेल्यावर इमारत आणि स्वयंपाकघर जरूर पाहावं. मग कार्यालयात बसून तीन गोष्टी मागाव्यात. गेल्या वर्षी घरी परत गेलेल्यांची नोंद. पालक किंवा नातेवाईक भेटून गेल्याची वही. आजारी पडलेल्यांचं रजिस्टर, त्यात तारीख, लक्षण आणि पुढे काय झालं हे लिहिलेलं. पहिली वही सांगेल की संस्थेला माणूस परत करायचा आहे की नाही. दुसरी सांगेल की दार बाहेरूनही उघडतं का. तिसरी सांगेल की रात्री तिथे कुणी जागं असतं का. तिन्ही वह्या भरलेल्या असतील तर छप्पर गळत असलं तरी त्या संस्थेला मदत करावी. कोऱ्या असतील तर नव्या इमारतीसाठी निधी मागणाऱ्या अर्जावर सही करू नये.